रुखवतातले बिल्ले

माझ्या लग्नात वरपक्षाकडच्या जवळजवळ सगळ्या मंडळींच्या छातीवर पत्र्याचे बिल्ले होते, आणि ते सगळे माझे होते.

हे वाचून कुणाला वाटेल, काय हौशी मुलगी, काय तिच्या माहेरचा थाट! तसं काही नव्हतं. ते बिल्ले मी कुणालाही दिलेले नव्हते. मी बोहल्यावर हातात हार घेऊन उभी होते, हलायची सोय नव्हती, आणि माझी आजवरची कमाई माझ्या डोळ्यांदेखत मांडवभर पेढे खात फिरत होती.

बिल्ले म्हणजे ते गोल, पत्र्याचे, वरून गुळगुळीत चित्र आणि पाठीला टाचणी असलेले. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात नाशकात त्यांचा नुसता सुकाळ होता. मेनरोडवर बांगड्यांच्या गाडीवर पुठ्ठ्याला टोचलेले नटनट्यांचे बिल्ले मिळायचे. (नट हसरा, नटी लाजरी आणि खलनायक डोळे वटारलेला, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ नको.) क्रिकेटचा मोसम आला की खेळाडूंचे यायचे. निवडणूक आली की उमेदवारांचे, आणि ते तर फुकट. रविवार कारंजापर्यंत मी छत्रीवाल्या पक्षाच्या मिरवणुकीत घसा फोडून घोषणा द्यायची, बिल्ला पदरात पडला की पुढच्या चौकात शिलाई मशीनवाल्यांच्या मिरवणुकीत शिरायची. सरकारी दवाखान्यात कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण वाटायचे, त्यासाठी मला वेळोवेळी पोटदुखी व्हायची. सिंहस्थात स्वयंसेवकांचे बिल्ले निघाले तेव्हा मी रामकुंडावर उभी राहून यात्रेकरूंना दिवसभर उलटी वाट दाखवली, पण बिल्ला मिळवला.

या सगळ्यांत माझा जीव की प्राण होता तो एकच. आमच्या इथल्या थिएटरात एक सिनेमा पंचवीस आठवडे चालला, तेव्हा मालकांनी नोकरांना रौप्यमहोत्सवी बिल्ला वाटला होता. त्यावर नायिकेचं चित्र, पांढरी साडी, हातात एकतारी, डोळे मिटलेले. बाजारात तो मिळत नव्हता. मी डोअरकीपरला गाठलं आणि आप्पांची नवी छत्री देऊन तो मिळवला. (आप्पा माझे वडील. छत्री बसमध्ये राहिली, असं ते शेवटपर्यंत समजत होते.)

आईला हे बिलकूल पसंत नव्हतं. "लोकांच्या मुली भरतकाम करतात, आमची पत्रा गोळा करते," ती म्हणायची. "हिला आता भंगारवाल्याचंच स्थळ बघायला हवं."

स्थळ आलं ते मनमाडचं. मुलगा रेल्वेत तिकीट तपासनीस. वडील रेल्वेतच गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे त्या घरात चहासुद्धा वेळापत्रकानुसार निघायचा आणि वेळेवर पोचायचा. बघण्याच्या कार्यक्रमात मी सतरंजीकडे बघत होते आणि मुलगा छताकडे. दोघांनाही जे दिसलं ते पसंत पडलं असावं, कारण लग्न ठरलं.

बिल्ल्यांचं काय, हा प्रश्न मी त्याच संध्याकाळी काढला.

"तो डबा इथंच राहील," आई म्हणाली. "पत्र्याचा डबा घेऊन सासरी गेलेली नवरी मी आजवर पाहिली नाही. तू गेलीस की मी तो मोडीत घालणार."

मोडीत! माझं काळीज चिरलं. मी विचार केला आणि मला रुखवत सुचलं. रुखवत म्हणजे नवरीनं स्वतःच्या हातांनी केलेल्या (म्हणजे मावश्या, आत्या आणि शेजारणींनी रात्री जागून केलेल्या) वस्तू लग्नात टेबलावर मांडायच्या. साबुदाण्याची पिशवी, मण्यांचा ससा, लोकरीचं तोरण. आणि लग्न लागलं की ते सगळं बांधून नवरीबरोबर सासरी जातं. रुखवतातली वस्तू मागे ठेवली तर वरपक्ष रागावतो. म्हणजे बिल्ले रुखवतात घुसले की सुखरूप मनमाडला पोचले!

मी हिरव्या मखमलीवर बिल्ल्यांचा मोर केला. मानेला उमेदवार, पिसाऱ्याला नट आणि खेळाडू, तुऱ्याला सिंहस्थ. रौप्यमहोत्सवी नायिका डोळ्याच्या जागी. लग्नाच्या दिवशी सकाळी पंचवटीतल्या मंगल कार्यालयात मी तो गुपचूप टेबलावर टेकवून ठेवला आणि मुंडावळ्या बांधून घ्यायला निघून गेले.

पुढचं मला मागाहून कळलं. स्टेशनवरून वरपक्षाला आणणारी बस दाराशी लागत असताना आई रुखवतावर शेवटची नजर टाकायला आली आणि मोरासमोर थबकली. त्याच्या पोटात डोळे वटारलेला खलनायक होता. (पोट मोठं होतं, भरायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.) तिनं तिथंच उभ्या उभ्या मोर सोलला. सगळे बिल्ले एका पितळी परातीत ओतले, वर रुमाल टाकला आणि परात दिसेल त्या टेबलाखाली सरकवली. ते टेबल होतं स्वागताचं. वर अत्तरदाणी, गुलाबदाणी, पेढ्यांचं तबक. आणि शेजारी उभे आमचे नानाकाका.

नानाकाका हे आप्पांचे धाकटे भाऊ. आग्रह हा त्यांचा जुनाट आजार. वरपक्षाला काही कमी पडता कामा नये, या एका विचारानं ते पहाटेपासून घामाघूम झालेले. पेढ्यांचं दुसरं तबक शोधायला ते वाकले, परातीवरचा रुमाल उचलला आणि त्यांना साक्षात्कार झाला. हल्ली मोठमोठ्या समारंभांत पाहुण्यांना बिल्ले लावतात. दादांनी आपल्याला सांगितलं नाही, पण केवढी तयारी केली आहे!

"या या, पाहुणे. अत्तर घ्या, पेढा घ्या, आणि हा बिल्ला घ्या."

"हा कशाला?"

"मानाचा आहे. थांबा, मीच लावतो. आणखी एक घ्या ना."

"अहो, एक पुरे."

"एकानं कुठं काय होतंय? दोन्ही बाजूंना बरे दिसतील."

जिलबीचा आग्रह करावा तसा त्यांनी बिल्ल्यांचा आग्रह केला. कोटाला, उपरण्याला, पदराला, फेट्याला. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या खिशात घातले. परातीचा तळ दिसला तेव्हाच ते थांबले.

इकडे मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट नवरदेवाला झाकतो, पाहुण्यांना झाकत नाही. मी सहज बाजूला नजर टाकली आणि पहिल्या रांगेतल्या बाईंच्या पदरावर मला आपला विकेटकीपर दिसला. मला वाटलं, भास होतोय, सकाळपासून उपास आहे. मग त्यांच्या शेजारी शिलाई मशीन दिसलं. मग एका फेट्यावर सिंहस्थ!

"आप्पा," मी ओठ न हलवता म्हणाले, "माझे बिल्ले."

"शके, मंगलाष्टकं चालली आहेत."

"त्या बाईंच्या पदराला आपला विकेटकीपर आहे."

"असू दे. पदर त्यांचा आहे."

एवढ्यात 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला, आणि माझ्यासमोर माझा जन्माचा जोडीदार उभा राहिला. राखाडी सूट, डोक्याला मुंडावळ्या, आणि छातीवर मधोमध कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण.

मग मागच्या रांगेतून त्यांचा कुणी मित्र म्हणाला, "सावधान म्हणजे काय ते आज कळलं," आणि अख्खं कार्यालय कोसळलं. सनईवाल्याच्या तोंडातून सनई सुटली. नवरदेवांना कारण कळेना. ते बिचारे आधी माझ्याकडे बघायचे, मग स्वतःच्या पायांकडे. बिल्ला लावला होता त्यांच्या सटाण्याच्या आत्याबाईंनी, मोठ्या मायेनं. त्या सगळ्यांना समजावत होत्या, "हासतस काय? लाल शे ना, मंग शुभच शे."

मी हार घातला तो नेमका त्या त्रिकोणावर येईल असा घातला. (पतिव्रताधर्म तिथूनच सुरू झाला असं मी धरते.)

मला वाटलं, आता सगळा उलगडा होईल आणि बिल्ले परत येतील. झालं उलटंच. दिलेली वस्तू म्हणजे मान, आणि मान म्हटला की लग्नात माणसं जागी होतात. ज्यांना बिल्ला मिळाला नव्हता ते गाल फुगवून बसले. "चुलतभावाला दोन आणि आम्हाला एकही नाही? आम्ही काय वाटेत गाडीत चढलो?" नानाकाका धावले. ज्यांना दोन दिले होते त्यांच्याकडचा एक गोडीगुलाबीनं काढून दुसऱ्याला लावायला लागले. तर ज्यांचा काढला ते रुसले. मोठा बिल्ला कुणाला, छोटा कुणाला, यावरून दोन सख्ख्या जावा एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

सगळ्यांत तापले ते मामासासरे. सासूबाईंचे हे बंधू शिलाई मशीनवाल्या पक्षाचे मनमाडमधले कट्टर कार्यकर्ते. त्यांच्या कोटावर नानाकाकांनी, मोठा मान म्हणून, भलामोठा छत्रीवाला उमेदवार लावला होता. चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे मामा तासभर छाती काढून मिरवले. शेवटी कुणीतरी विचारलं, "मामा, पक्ष कधी बदलला?"

मामांनी बिल्ला डोळ्यांपाशी नेला. "मला? छत्री? स्वागताच्या नावाखाली माझं पक्षांतर केलं?" असं म्हणत त्यांनी तो उपटून भिरकावला. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत जाऊन मठ्ठ्याच्या पातेल्यात पडला. आचाऱ्यानं पळीनं ढवळून पाहिलं आणि बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "उमेदवार काढू का राहू देऊ?"

मी आप्पांना परत गाठलं. जेवणं झाली की वऱ्हाड संध्याकाळची पॅसेंजर धरणार होतं. एकदा ती गाडी सुटली की माझे बिल्ले मनमाड, नांदगाव, मालेगाव, सटाणा असे चहूकडे पांगणार, आणि मग जन्मात एकत्र येणार नाहीत. मला खरोखर रडू यायला लागलं. बायका म्हणाल्या, "माहेर सुटतंय बिचारीचं." मी मान हलवली.

"शके, ऐक," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "वरपक्षाला दिलेला मान परत मागितला, तर मला नाशकात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. पत्र्याचं काय घेऊन बसलीस? मी तुला नवे आणून देतो."

नवे! ज्या माणसाला आपली छत्री कुठे गेली हे माहीत नाही, तो मला रौप्यमहोत्सवी बिल्ला आणून देणार होता.

पंगत बसली. वरपक्षाची पाटांची लांब रांग, भोवती रांगोळ्या, उदबत्त्या, मधोमध आम्ही दोघं. सासरच्या रीतीप्रमाणे नवरीनं नाव घेऊन नवऱ्याला घास भरवल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलायचा नव्हता. जिलब्या वाढून झाल्या. सासऱ्यांनी खिशातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

पण त्याआधी आणखी एक रीत होती, जावयाच्या रुसण्याची. जावई पंगतीत हात आखडून बसतो, जेवायला नको म्हणतो, मग मुलीकडचे त्याला घड्याळ, अंगठी असं काहीतरी देऊन त्याचा रुसवा काढतात. आप्पा घड्याळ घेऊन मागे तयारच उभे होते.

"हं, जावईबापू, रुसा आता," मामा म्हणाले. त्यांचा स्वतःचा रुसवा अजून उतरला नव्हता, त्यामुळे त्यांना सोबत हवी होती. "रीत हाय ती."

नवरदेव लाजले. "मला काही नको," ते म्हणाले.

"अरे, नको काय? रीत म्हणून तरी रुस."

"मामा, मला खरंच काही नको. मला भूक लागली आहे."

मामांनी कपाळावर हात मारला. आप्पा घड्याळ पुढे करावं की मागे घ्यावं या पेचात पडले. आणि एवढ्यात एक आवाज आला, "मग मी रुसते."

आवाज माझा होता. मलासुद्धा तो नवीन होता.

मागे उभ्या असलेल्या आईच्या हातातली भाजीची वाटी कलंडली. नवरी रुसल्याचं नाशिक जिल्ह्यात कुणी ऐकलं नव्हतं. पण बोलून बसले होते, तेव्हा मी रीतसर हात आखडले, मान वळवली आणि जाहीर केलं, "मी नाव घेणार नाही."

"अगं शके!" आप्पा म्हणाले.

"काय हवंय?" हे नवरदेव. त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. चेहरा अगदी गंभीर, पण मिशीच्या टोकाला काहीतरी हलत होतं.

"माझे बिल्ले," मी म्हणाले. "या सगळ्यांच्या अंगावर आहेत ते माझे आहेत. मी शाळेत असल्यापासून जमवलेत. काकांनी चुकून वाटले. ते सगळे परत आले की मी नाव घेईन."

पंगतीत कुजबुज उठली. एक बाई म्हणाल्या, "कसली सून आणली!" दुसऱ्या म्हणाल्या, "मला तरी वाटलंच होतं, या बिल्ल्याला खालून गंज आहे." मामा गरजले, "दिलेला मान माघारी मागतात व्हय? हे लय झालं!" नानाकाका भिंतीला टेकून भिंतीचाच रंग घेत होते. आणि समोर जिलब्या थंड होत होत्या.

नवरदेवांनी क्षणभर विचार केला. मग ते पाटावरून उठले, मुंडावळ्या मागे सारल्या, एक रिकामं ताट उचललं आणि पंगतीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. हातातलं ताट पुढे, चेहऱ्यावर कुठलाही भाव नाही. मला तेव्हा उमगलं की माझं लग्न तिकीट तपासनिसाशी झालं आहे, आणि स्थळ किती चांगलं आहे.

"बिल्ला," ते पहिल्या पाहुण्याला म्हणाले. पाहुण्यानं मुकाट्यानं काढून ताटात टाकला. "बिल्ला." "बिल्ला." एकेका पाटासमोर थांबत, कुणाची गय न करता, ते पुढे सरकत होते. एका काकांनी उपरणं सावरत सांगितलं, "माझ्याकडे नव्हता." नवरदेवांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून दोन खेळाडू काढून दिले. एक बाई स्वच्छतागृहाकडे निघाल्या होत्या, त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या.

"बाळ्या, मी तुझा मामा हाय," मामा म्हणाले.

"मामा, उतरताना तिकीट द्यावंच लागतं."

"माझं मठ्ठ्यात हाय."

आचारी पळीवर उमेदवार घेऊन हजर झाला. आत्याबाईंनी स्वतःच्या पदराचे दोन दिलेच, शिवाय नवरदेवाच्या हारामागचा त्रिकोणही काढून ताटात ठेवला. ताट भरत चाललं तसा माझा ऊर भरून येत होता. माझे नट, माझ्या नट्या, माझे उमेदवार, माझा विकेटकीपर, सगळे खणखणत घरी परतत होते! भुकेलेली पंगतही आता माझ्या बाजूनं झाली होती. कुणी लपवला असेल तर शेजारीच ओरडून सांगायचा.

आणि मग ताट थांबलं. समोर सासरे होते. त्यांच्या काळ्या कोटावर, बरोबर हृदयापाशी, माझा रौप्यमहोत्सवी बिल्ला.

सासऱ्यांना सिनेमाचा मनस्वी तिटकारा. त्या घरात सिनेमाचं नाव काढायची बंदी होती. त्यांनी बिल्ल्यावरच्या नायिकेची पांढरी साडी, एकतारी आणि मिटलेले डोळे पाहून दारातच हात जोडले होते.

"हा मी देणार नाही," ते म्हणाले. "ही कुणी संत बाई आहे. हा प्रसाद समजून मी घेतलाय. देवघरात ठेवणार आहे."

नवरदेवांचा चेहरा उतरला. स्वतःच्या वडिलांना विनातिकीट पकडायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? ही संत नाही, हिनं याच सिनेमात पुढच्या गाण्यात पावसात नाच केलाय, असं सासऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं? सांगितलं तर सून वाया गेलेली ठरणार. न सांगावं तर नायिका देवघरात जाणार आणि मी रोज तिला हळदकुंकू वाहणार.

तेवढ्यात सासऱ्यांच्या शेजारच्या पाटावरून हळू आवाज आला. "अहो, देऊन टाका. ती बाई सिनेमातली आहे."

या माझ्या सासूबाई. लग्न ठरल्यापासून मी त्यांना चार शब्द सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुला काय ठाऊक?"

"मी तो तीनदा पाहिलाय."

"कधी?"

"कीर्तनाला जात होते तेव्हा." सासूबाईंनी पदर सावरला. "छान आहे. शेवटी तिचं लग्न होतं."

सासऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, परत घड्याळाकडे पाहिलं. आपल्या घराच्या वेळापत्रकात इतकी वर्षं एक गाडी भलत्याच रुळावरून धावत होती, हे पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी बिल्ला काढला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ताटात सोडला. सासूबाईंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या क्षणापासून पुढची सगळी वर्षं त्या आणि मी मिळून कीर्तनाला गेलो.

ताट माझ्यापुढे आलं. मी प्रत्येक बिल्ला ओळखून पाहिला. सगळे होते, एकही कमी नाही! एका टाळीनं सुरुवात झाली आणि पंगतच्या पंगत टाळ्या वाजवायला लागली. (आई वाजवत नव्हती, पण ती भाजी पुसत होती.) आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. नानाकाका भिंतीपासून सुटे झाले आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं, मानाचे आहेत?" शिवाजी महाराजांच्या मावळ्यांना गड घेतल्यावर काय वाटत असेल ते मला त्या पाटावर बसून कळलं.

"झालं ना समाधान?" सासरे म्हणाले. "आता नाव घ्या सूनबाई. गाडी थांबणार नाही."

मी जिलबीचा तुकडा हातात घेतला. पाठ सरळ केली. उखाणा मी महिनाभर घोकला होता. खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"गोदेच्या पाण्याला दगडाचा घाट..."

आणि थांबले. पुढे नाव होतं, आणि ते नाव मला आठवेना.

खरंच आठवेना. आमच्या घरात सगळे त्यांना 'मनमाडचे' म्हणत, त्यांच्या घरात 'बाळ्या' म्हणत, आणि मी सकाळपासून माझ्या बिल्ल्यांपलीकडे कशाचा विचार केला नव्हता. डोक्यात नावं तर गर्दी करत होती! सगळे नट आले, छत्रीवाले उमेदवार आले, विकेटकीपर त्याच्या धावसंख्येसकट आला. ज्याचं नाव हवं होतं तो तेवढा येईना. जिलबीचा पाक मनगटावरून कोपराकडे निघाला. ज्यांचा खोळंबा करून मी बिल्ले परत मिळवले होते, ती सगळी भुकेली तोंडं माझ्याकडे वळलेली.

मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. (विनातिकीट माणसाचा चेहरा त्यांना लांबून ओळखता यायचा.) ड्यूटीवरचा नावाचा बिल्ला हरवला तर चौकशी लागते, म्हणून ते तो लग्नाच्या सुटातही खिशात घेऊन आले होते. तो त्यांनी सावकाश बाहेर काढला आणि माझ्या ताटात, इतर बिल्ल्यांच्या वर, अक्षरं माझ्याकडे येतील असा ठेवला.

"हा एक राहिला होता," ते म्हणाले.

मी वाकून वाचलं, आणि अभिमानानं म्हणाले:

"मधुकररावांचं नाव घेते, थंड होतंय ताट."

पंगत जेवायला तुटून पडली. लोक म्हणतात, बाईच्या काळजावर नवऱ्याचं नाव कोरलेलं असतं. असेल. माझ्या नवऱ्याचं सरकारनं पत्र्यावर कोरून दिलं होतं, म्हणून माझा संसार उभा राहिला. आणि अजूनही कुणी चारचौघांत नाव घ्यायला लावलं की मी आधी त्यांच्या खिशाकडे बघते.